तुझ्या मनाला येईल तसं

आमच्या मंडळीत एक काळ असा आला, की घरात कुणी आजारी पडलं की माणसं पाळकसाहेबांना प्रार्थनेला बोलवायला येत आणि दारातच अट घालत, "साहेब, प्रार्थना करा, डोक्यावर हात ठेवा, हवा तेवढा वेळ घ्या. पण ते शेवटचं वाक्य तेवढं म्हणू नका." पाळकसाहेब म्हणजे आमचे हे. चपला घालता घालता हे थांबत आणि माझ्याकडे बघत. मी पदर तोंडाला लावून आत पळत असे, कारण मला हसू आवरत नसे. पुढे ते हसू गेलं. तीच अट एक दिवस मी घातली, तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही.

आमचं देऊळ मंडईपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर होतं. आम्ही ख्रिस्ती माणसं, पण देऊळच म्हणतो. नव्या माणसाचा गोंधळ होतो, त्याला आमचा इलाज नाही. देवळाच्या मागे दोन खोल्या आणि एक पडवी, ते पाळकाचं घर. पावसाळ्यात पडवी गळायची आणि कमिटी दर वर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू."

हे मूळचे नगरकडच्या खेड्यातले. ह्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण प्रार्थना अशी करायची की ऐकणाऱ्यानं सोडून उठू नये. गाय कुठे हरवली, कुणाच्या पोराला गोवर आला, सगळं देवाला सविस्तर सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बापा, म्या माझं सांगून टाकलं. आता तुझ्या मनाला येईल तसं कर." ह्यांनी पवित्र शास्त्राचं शिक्षण घेतलं, मोठमोठी पुस्तकं वाचली, पण प्रार्थनेचा शेवट आईचाच ठेवला.

आता हे वाक्य पुण्यात कुणाच्या तोंडी कधी येतं ते मी सांगायला नको. बायको चारदा बजावते, नवरा ऐकत नाही, मग ती पदर खोचून म्हणते, "करा, तुमच्या मनाला येईल तसं करा!" म्हणजे आता माझ्याशी बोलू नका. मी लग्न होऊन आले, पहिल्याच रविवारी ह्यांच्या तोंडून देवळात हे ऐकलं, आणि घरी आल्या आल्या विचारलं, "अहो, देवाशी बोलत होता की भांडत होता?"

हे खदखदून हसले. "तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, त्यानं काहीतरी ऐकलं नाही म्हणून तुम्ही रुसलात."

मग समजावून सांगायला बसले. ह्यांना समजावून सांगायची फार हौस. म्हणाले, "अगं, प्रार्थना म्हणजे देवाला कामाला जुंपणं नव्हे. माझ्या हातात बळ नाही, माझ्या शब्दात नाही, माझ्या विश्वासातसुद्धा नाही. आहे ते त्याच्यात. आपण हाक मारायची. काय करायचं ते त्यानं ठरवायचं. आईचं वाक्य म्हणजे एवढंच." मी म्हटलं, बरं. नव्या नवरीनं आणखी काय म्हणायचं? पण हे नुसतं बोलायचे नाहीत, तसेच जगायचे. कुणाला बरं वाटलं आणि तो म्हणाला, "साहेब, तुमच्या प्रार्थनेनं उठलो," तर ह्यांना अवघडल्यासारखं होई. "माझ्या कशाला? मी तुमच्याकडचा चहा पिऊन गेलो फक्त," असं म्हणत.

आता त्या वाक्याला लोक भ्यायला का लागले ते सांगते. पाळकाला आजाऱ्याकडे कधी बोलावतात? आधी घरचा काढा, मग गल्लीतला डॉक्टर, मग मोठा दवाखाना, आणि त्यांनी हात टेकले की पाळक. मग माणूस जाणार नाही तर काय? एका वर्षी अशी ओळीनं काही माणसं गेली, सगळ्यांसाठी ह्यांनी प्रार्थना केली होती, सगळ्यांच्या उशाशी ते वाक्य म्हटलं होतं. बोलाफुलाला गाठ पडली. पण मंडळीतल्या एका विनोदी गृहस्थांनी लग्नाच्या पंगतीत म्हटलं, "साहेब 'तुझ्या मनाला येईल तसं' म्हणाले, की सुताराला पेटीचं माप धाडायचं." झालं! पंगतीतलं बोलणं पंगतीत राहतं का कधी? तापाची, पडशाची माणसं ह्यांच्या प्रार्थनेनंतर बरी झाली, त्यांचं श्रेय निलगिरीच्या वाफेला. मेली ती मात्र ह्यांच्या नावावर.

हे मनाला लावून घेत नसत. कुणी अट घातली तर मोठ्यानं म्हणत नसत, ओठांतल्या ओठांत म्हणत. मी चिडवायची, "चोरून म्हणता होय?" तर म्हणत, "ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू जातं."

आम्हाला एकच मुलगी. फार उशिरा झाली, म्हणून फार लाडाची, आणि तोंडानं माझ्यापेक्षा तिखट. कोथरूडच्या एका शाळेत शिकवायची. बसनं जायची, बसनं यायची, आणि बसमधल्या बायकांच्या नकला करून आम्हाला जेवू द्यायची नाही. रविवारी देवळात पेटी वाजवायची. तिची पेटी आणि मंडळीचा आवाज यांचं कधी जमलं नाही. मंडळी मागे रेंगाळायची आणि ही पुढे पळायची. उपासना संपली की म्हणायची, "पप्पा, तुमच्या मंडळीला स्वर्गात जायची काहीच घाई नाही."

त्या पावसाळ्यात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातांच्या डॉक्टरनं गुळण्या दिल्या. मग दंडावर निळे डाग दिसले, मग ताप, मग रक्ताची तपासणी. डॉक्टर भला माणूस होता. ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, औषधं सुरू करू, बघू. मला "बघू" एवढंच ऐकू आलं. आमची पडवी वर्षानुवर्षं "बघू" ऐकत गळत होती.

त्या दिवसापासून घरात माणसांची रीघ लागली. मंडळी चांगली होती हो, कुणाचा शब्द वाकडा नव्हता. बायका डबे आणत, पुरुष दवाखान्यात बसत. आणि सगळ्यांत पुढे मंडळीचे सेक्रेटरी. ते सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, ताठ, इस्त्रीचे कपडे, कमिटीत ह्यांच्या प्रत्येक सूचनेला हरकत घेणारे. पण मुलीच्या दुखण्यात त्यांनी जेवढी धावपळ केली तेवढी सख्ख्यांनी केली नाही. तेच एक दिवस बाहेरगावच्या एका उपदेशकांना घरी घेऊन आले. आजारी माणसं बरी करायच्या, चंगाईच्या सभा घेणारे. त्यांच्या प्रार्थनेनं लंगडे चालतात, असं ऐकलं होतं. सफारी घातलेली, आवाज असा की भांडी वाजावीत.

मुलगी आतल्या खोलीत पडलेली. बाहेर उपदेशकांनी ह्यांना सरळ विचारलं, "पाळकसाहेब, देवाला सामर्थ्य आहे, यावर तुमचा विश्वास आहे ना?"

"आहे," हे म्हणाले.

"मग मागून झाल्यावर त्याला मोकळीक कशाला देता? सेक्रेटरींनी तुमचं ते वाक्य सांगितलं मला. ती पळवाट आहे. नाही झालं तर तोंडघशी पडायला नको, म्हणून आधीच केलेली सोय. देवाच्या सामर्थ्यावर भिस्त ठेवणारा माणूस असं बोलत नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सामर्थ्य त्याचं आहे म्हणूनच तर मी..."

"अहो, पुरे!" मी मध्येच म्हटलं. "इथे शास्त्राचा वर्ग घेऊ नका. पोर आत पडलीय. ते वाक्य यापुढे ह्या घरात नको. मोठ्यानंही नको आणि ओठांतही नको."

उपदेशकांसमोर, सेक्रेटरींसमोर बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही. आजही तीच वेळ आली तर तेच म्हणेन. देवाच्या मनाला काय येईल याची मला धास्ती वाटत होती, आणि त्याला माझ्या मनाला येईल तसंच करायला लावायचं होतं. आईनं आणखी काय मागायचं असतं?

तेवढ्यात आतून आवाज आला. क्षीण होता, पण तिखटपणा तसाच. "पप्पा, तुम्ही आईच्या मनाला येईल तसं करा. देवाचं देव बघेल."

सेक्रेटरीसुद्धा हसले त्या दिवशी. मग उपदेशकांनी प्रार्थना केली, मोठी, दणदणीत. मुलीनं नंतर मला विचारलं, "आई, देव बहिरा आहे का गं?"

ह्यांनी माझं ऐकलं. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत, सगळं सांगत, सगळं मागत, आणि शेवटाला आले की थांबत. तोंड उघडलेलं राही. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत आणि घाईघाईनं "आमेन" म्हणत. मीठ घालायचं राहिलेल्या वरणासारखी ती प्रार्थना लागायची. मला ते कळत होतं. पण मी मान हलवायची, बरोबर आहे, असंच.

आणि काय सांगू, तिला बरं वाटलं! औषधांनी म्हणा, प्रार्थनेनं म्हणा. रक्त सुधारलं, ताप गेला, डॉक्टर पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाला ती देवळात आली. केस सगळे गेले होते, डोक्याला माझ्या जुन्या साडीचा रुमाल. पेटीवर बसली आणि नेहमीसारखी मंडळीच्या पुढे पळाली. त्या दिवशी मात्र मंडळीनं तिला गाठलं. असा आवाज त्या देवळात मी आधी ऐकला नव्हता. सेक्रेटरी उभे राहिले, साक्ष दिली, म्हणाले, "विश्वासानं मागितलं, पळवाट ठेवली नाही, आणि देवानं दिलं." सगळे रडले. मीही रडले. हे माझ्या शेजारी गप्प बसले होते. मला राग आला. म्हटलं, आनंदाच्या दिवशीही ह्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?

घरी आल्यावर म्हणाले, "पोर बरी झाली याचा आनंद आहेच गं. पण देवाला आपण कात्रीत पकडलं, असं ते बोलले. मला भीती वाटते."

"तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं.

पुढच्या पावसाळ्याआधीच ते दुखणं परत आलं, आणि आलं ते घाईनं आलं. ह्या वेळी डॉक्टर "बघू" म्हणाले नाहीत. घरी न्या म्हणाले. मंडळीनं उपास धरले, सेक्रेटरींनी उपदेशकांना निरोपावर निरोप पाठवले, ते दुसऱ्या गावी सभेत होते. हे तशीच अर्धी प्रार्थना करत राहिले. मी अट मागे घेतली नाही. मुलगी एका दुपारी गेली. मी चहात बुडवून खारी भरवत होते. एक तुकडा घेतला, म्हणाली, "नको आता," आणि मान वळवली. मला वाटलं झोपली.

त्यानंतरचं फारसं लक्षात नाही. एक लक्षात आहे. देवळाचा म्हातारा झाडूवाला दाराशी येऊन, खाली मान घालून विचारत होता, "बाई, पेटीचं काय करायचं? कोण आणणार?" मी म्हटलं, "आणायची कशाला? देवळातच आहे की, तिच्या जागेवर. झाकून ठेव, धूळ बसते." तो तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मला कळलं, तो कुठल्या पेटीबद्दल विचारत होता. मी तिथेच खाली बसले.

शेजारच्या मंडळीचे पाळक माती द्यायला आले होते. ह्यांनी त्यांना नको म्हटलं. "माझी पोर आहे, मी देतो." झगा घातला, शास्त्र वाचलं, आवाज कुठे कापला नाही. सगळ्यांनी मूठमाती दिली. शेवटची प्रार्थना सुरू केली. मुलीचं सगळं सांगितलं, तिची शाळा, तिच्या नकला, खारीचा तुकडा. आणि मग थांबले. मला वाटलं, आता आमेन म्हणतील. पण ह्यांनी मान वर केली, डोळे उघडे ठेवले, आणि म्हणाले, "कर. आता तुझ्या मनाला येईल तसं कर!"

सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, "आमेन."

मी म्हटलं नाही. ह्यांचा तो आवाज मला ओळखीचा होता. सगळ्या संसारात दोन-तीनदाच हे माझ्याशी तसे बोलले असतील, आणि नंतर दिवसच्या दिवस अबोला धरला असेल. परतताना माणसं डोळे पुसत एकमेकांना सांगत होती, "केवढा विश्वास साहेबांचा! पोर मातीत ठेवली, आणि तरी देवाच्या हातात सगळं सोडून दिलं." मी चालत राहिले. कुणाला काय सांगणार?

संध्याकाळी माणसं पांगल्यावर विचारलं, "अहो, ते काय होतं?"

"भांडण," हे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तिथून ह्यांची प्रार्थना बंद झाली. रविवारच्या उपासनेत पुस्तकातल्या छापील प्रार्थना वाचत, त्यात चूक काढायला जागा नव्हती. आजाऱ्याकडे जात, बसत, औषध विचारत, चहा घेत, आणि प्रार्थनेची वेळ आली की बरोबरच्या माणसाला म्हणत, "तुम्ही करा." आणि लोकांची तऱ्हा बघा! ज्यांनी अटी घातल्या होत्या तेच आता म्हणायला लागले, "साहेब, मुलीच्या वेळी म्हणालात ते वाक्य म्हणा ना. मनाला शांती मिळते." मला वाटायचं, एकेकाला धरून गदागदा हलवावं.

खाणंही सुटलं. ताटावर बसत, भाकरीचा पापुद्रा काढून चिवडत, पाणी पिऊन उठत. मी आधी आग्रह केला, मग ओरडले, मग रडले. पोर गेली ती गेली, आता हेही निघाले, असं मला दिसत होतं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. एक दिवस मी भाजी निवडत होते, तर हे समोर येऊन बसले आणि म्हणाले, "सोडून द्यावं म्हणतो. पुढच्या कमिटीत सांगतो."

"आणि करणार काय?"

"माहीत नाही. पण हे खोटं आहे. आयुष्यभर म्हणत आलो, जोर माझा नाही, त्याचा आहे. माझा नाही हे तर आता दिसतंच आहे. त्याचा आहे का, ते मला कळेनासं झालंय. ज्याला कळत नाही त्यानं लोकांच्या उशाशी जाऊ नये."

मी म्हटलं, "मला विचारू नका. मीच त्याच्याशी बोलत नाही."

कमिटीची बैठक यायच्या आधी सेक्रेटरी आले. मला वाटलं, राजीनाम्याची कुणकुण लागली, आता हरकत घेणार. पण माणूस दारात उभा, कपड्यांना इस्त्री नाही. निवृत्तीनंतर त्यांनी बिबवेवाडीला घर केलं होतं, तिथून सकाळची पहिली बस धरून आले होते. त्यांच्या पत्नी फार आजारी होत्या. सगळी मंडळी त्यांना काकू म्हणायची. स्त्रीमंडळाच्या सभेत त्या कधी बोलल्या नाहीत, सणाच्या जेवणाला मात्र चपात्यांची सगळी परात एकट्या लाटायच्या. पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं.

"साहेब, तिनं तुम्हाला बोलावलंय," सेक्रेटरी म्हणाले.

"उपदेशकांना सांगा ना," मी म्हटलं. जिभेवर आलं, बोलले.

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "बाई, बोला तुम्ही. तुमचा हक्क आहे. मीच म्हणालो होतो पळवाट. आता माझ्यावर आलीय तर मला सरळ वाटही दिसत नाही."

हे म्हणाले, "सेक्रेटरी, माझ्यापाशी काही नाही. खरंच सांगतो. रिकामा आलो तर चालेल?"

"चालेल. या फक्त."

मीही गेले. ह्यांना एकट्याला सोडवेना. बिबवेवाडीला काकूंचं घर छान होतं, खिडकीतून टेकडी दिसायची, आणि कॉटवर काकू पिवळ्याधमक, पोट फुगलेलं, हात काटकुळे. आम्हाला बघून हसल्या. ह्यांनी नेहमीप्रमाणे औषधं विचारली, झोप लागते का विचारलं. त्या ह्यांच्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "हे एवढे वाळले कसे गं? जेवत नाहीत?"

"चार घासही जात नाहीत काकू. पोर गेल्यापासून असंच चाललंय."

"हं," त्या म्हणाल्या.

मग सेक्रेटरींनी हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले. हे कॉटपाशी गुडघ्यांवर बसले, काकूंच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "बापा..." पुढे शब्द नाही. पुन्हा म्हणाले, "बापा..." मी डोळे उघडले. ह्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आणि मग ह्यांना रडू फुटलं. माती देताना एक थेंब आला नव्हता डोळ्यांतून. आता चादरीत तोंड खुपसून, खांदे गदगदत, लहान मूल रडतं तसे रडले. सेक्रेटरी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मला उठून जावंसं वाटत होतं.

काकूंनी आपल्या कपाळावरचा ह्यांचा हात काढला. मग स्वतःचा हात, तो काडीसारखा पिवळा हात, ह्यांच्या डोक्यावर ठेवला. जिला आम्ही कधी चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं ती बाई म्हणाली, "देवा, ह्या लेकराची पोर गेली. तुला ठाऊकच आहे. त्याला जेवण जात नाही. त्याला भूक लागू दे. आमेन."

बस, एवढंच. स्वतःसाठी काही नाही. हे साठीला आलेले, आणि काकू त्यांना लेकरू म्हणाल्या. मी आमेन म्हटलं की नाही, आठवत नाही. सेक्रेटरी भिंतीला टेकून उभे होते.

काकू पुढे थोड्याच दिवसांत गेल्या. ह्यांनीच माती दिली. राजीनाम्याचं पुन्हा निघालं नाही, निवृत्त होईपर्यंत हे आजाऱ्यांकडे जात राहिले. पण आता बोलून प्रार्थना करण्याआधी बराच वेळ नुसते गप्प बसायचे, आणि लोकांना ते चालायचं. मला मात्र सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं, काकूंकडून परतलो तेव्हाचं.

बस स्वारगेटपर्यंतच मिळाली. तिथून पायीच निघालो. रस्त्यात भाजीच्या गाड्या, सायकली, नेहमीची गर्दी. हे एकदम म्हणाले, "अगं, घरी खायला काय आहे?"

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय म्हणालात?"

"खायला. काही आहे का घरात?"

"सकाळची भाकरी आहे."

"चालेल. जरा पिठलं टाकशील का?"

मी भराभर चालत घरी आले, स्टोव्ह पेटवला, बेसन कालवलं, फोडणी दिली. आणि हातातली पळी तशीच राहिली. माझ्या अंगाचा असा संताप झाला की मी मोठ्यानं बोलायला लागले. सगळं आवरून, मातीआड करून झाल्यावर पहिल्यांदा देवाशी बोलत होते. म्हटलं, म्हणजे तुला ऐकू येतं तर! बिबवेवाडीत मरायला टेकलेली एक बाई चार शब्द बोलते आणि ते तू स्वारगेटपर्यंत पुरं करतोस. आणि आम्ही सगळ्या मंडळीनं घसे कोरडे केले, उपास धरले, मी ह्यांच्या तोंडाला कुलूप लावलं, ते? ते कुणाच्या कानात गेलं? मी पोर मागितली होती रे. माझी पोर मागितली होती. भूक कुणी मागितली होती तुझ्याकडे?

स्टोव्हच्या आवाजात बाहेर काही ऐकू गेलं नसावं. पिठलं खदखदून पातेल्याच्या काठाला आलं होतं.

"अगं, झालं का?" बाहेरून ह्यांनी हाक मारली. "फार भूक लागलीय."

"आणते," मी म्हटलं, डोळे पुसले आणि ह्यांचं ताट वाढायला घेतलं.